डावा आरसा

मार्लिसला गावातून फार काही आणायचं नव्हतं. रानबेरीचा मुरंबा, नातवंडांना पाठवायला चित्रांची चार कार्डं, आणि सांडपाण्याच्या नळीसाठी एक रबरी चकती. जुनी चकती आदल्या दिवशीच गळायला लागली होती. बाकी सगळा दिवस मोकळा होता. सावकाश उठावं, सावकाश हिंडावं, दीपगृह बघावं, एखाद्या बाकावर बसून कॉफी प्यावी. याच दिवसांसाठी तिनं आणि ड्वेननं मिनेसोटातलं राहतं घर विकून ही घरगाडी घेतली होती. आत ओटा, पलंग, न्हाणीघर सगळं होतं, आणि मागे जोडून न्यायला एक छोटी मोटार. नव्या गावात पोचलं की घरगाडी अशा गाड्यांसाठीच्या तळावर लावायची आणि छोट्या मोटारीतून गाव बघायचं, असा त्यांचा शिरस्ता होता.

पण त्या दिवशी मार्लिसचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि बाहेर सुपीरियर सरोवरावरून चढून आलेलं धुकं ग्रेसन हार्बरच्या गल्लीबोळांत असं मुक्कामाला बसलं होतं, की समोरच्या दुकानाची पाटी वाचायलाही रस्ता ओलांडावा लागत होता.

घरगाडीतून फिरणाऱ्या नवरा-बायकोंत भांडणं कशावरून होतात, हे त्यांच्यातल्या कुणालाही विचारा. पैशावरून नाही, पोरांवरून नाही. गाडी मागे घेण्यावरून होतात. एकानं चाक धरायचं, दुसऱ्यानं मागे उभं राहून हातांनी खुणा करायच्या. ये, ये, अजून थोडं, थांब. बाजूच्या आरशात मागचा माणूस दिसेनासा झाला, की चाक धरणाऱ्यानं तिथल्या तिथे थांबायचं, हा एकच नियम. या नियमापायी चाळीस-चाळीस वर्षांचे संसार तळावरच्या लोकांदेखत चव्हाट्यावर येतात, आणि शेजारचे खुर्च्या टाकून मजा बघतात.

मागच्या वर्षी ड्वेनला अर्धांगाचा झटका आला. तो त्यातून उठला, बोलायला-चालायला लागला, पण गाडी चालवायला डॉक्टरांनी बंदी केली. तेव्हापासून चाक मार्लिसकडे आणि खुणा ड्वेनकडे होत्या. आदल्या दिवशी दुपारी ते या तळावर पोचले तेव्हा कड्याकाठची शेवटची जागा तेवढी रिकामी होती. मार्लिस गाडी मागे घेत होती. तिच्या बाजूच्या, म्हणजे डाव्या आरशात, धुक्यात तो उभा होता. दोन्ही हात डोक्याच्या वर उंच करून तिला बोलावत होता. ये, ये, ये. ती येत राहिली. मग तिलाच काय वाटलं कोण जाणे, तिनं करकचून ब्रेक दाबला आणि खाली उतरली. मागच्या चाकापासून कड्याची कड हातभर अंतरावर होती. खाली पाणी नुसतं ऐकू येत होतं.

ड्वेन गाडीच्या उजव्या बाजूनं धापा टाकत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी थांब थांब म्हणून बोंबलतोय, तुझं लक्ष कुठे आहे?"

"तूच बोलावत होतास मला."

"मी या बाजूला होतो, मार्लिस. त्या पाइनच्या फांदीपाशी."

तिचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. खोटं बोलणारा माणूस तो नव्हताच, आणि म्हणूनच ती जास्त घाबरली. याचा अर्थ त्याला आपण कुठे उभे होतो तेही आठवत नव्हतं. सकाळी तो न्हाणीघरात असताना तिनं मुलाला, कर्टला फोन लावला आणि हळू आवाजात सांगितलं, की बाबांचं काही खरं नाही, आम्ही घरी येतोय, गाडीला गिऱ्हाईक बघ. फोन ठेवल्यावर तिला आपलीच लाज वाटली. ही गाडी गेली, की ड्वेन मुलाच्या तळघरातल्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसेल आणि दोन हिवाळ्यांत संपेल, हे तिला पक्कं माहीत होतं.

गावाला निघताना तळाची देखभाल करणारी व्होंडा आपल्या चिमुकल्या बॅटरीगाडीतून आली आणि तिनं मार्लिसचा फोन नंबर उतरवून घेतला. "जाताना काही विसरू नका हं. इथून जाणारा प्रत्येकजण काहीतरी विसरतोच. मग मलाच फोन करत बसावं लागतं."

गावात सगळंच आडवं आलं. खाणीच्या संग्रहालयाच्या दारावर 'पुढच्या उन्हाळ्यात भेटू' अशी पाटी होती. मुरंब्याचं दुकान उघडं होतं, पण मुरंबा संपलेला होता. हार्डवेअरच्या दुकानात जगातल्या सगळ्या मापांच्या चकत्या होत्या, मार्लिसला हवी ती सोडून. त्यात ड्वेन प्रत्येक काचेपाशी थांबे. लाकडी बदकं बघे, जुनी कुलपं बघे, विक्रेत्यांशी हवापाण्याच्या गप्पा मारे.

"चल ना रे."

"अगं, सुट्टीवर आहोत आपण."

"तू आहेस. मी ड्रायव्हर आहे."

हार्डवेअरच्या दुकानातून बाहेर आल्यावर तिला मोटारीचा डावा आरसा मिटलेला दिसला. कुणीतरी तो काचेला चिकटवून आत वळवून ठेवला होता. वात्रट पोरं असतील, असं पुटपुटत तिनं तो उघडला. दीपगृह बघून आले तर आरसा पुन्हा मिटलेला. दीपगृह बघून आले असं म्हणायचं एवढंच. धुक्यात त्याचा पायथा दिसला, वरचं दीपगृह होतं असं मानून घ्यायचं. मार्लिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं इकडेतिकडे पाहिलं. वाहनतळावर चिटपाखरू नव्हतं.

"वाऱ्यानं झालं असेल," ड्वेन म्हणाला.

"वारा कुठे आहे? वारा असता तर हे धुकं इथे राहिलं असतं का?"

त्याला वाईट वाटलं. ते तिला दिसलं, तरी तिनं आरसा उघडला आणि ती चाकामागे जाऊन बसली.

जेवायला ते मुख्य रस्त्यावरच्या पेस्टीच्या दुकानात शिरले. पेस्टी म्हणजे तळहाताहून मोठी, खमंग भाजलेली करंजी. तिच्यात गोमांस, बटाटा आणि सलगम. खाणीतले लोक जमिनीखाली जाताना ती खिशात घालून नेत. दुकान उबदार होतं आणि काचेवर वाफ धरली होती. मार्लिसनं ड्वेनचा कोट उतरवायला हात लावला. आधी उजवी बाही, मग जपून डावी. झटक्यानंतर त्याचा डावा हात खांद्याच्या वर जात नसे. वर्षभर डॉक्टर झाले, व्यायाम झाले, देवाला साकडं घालून झालं, पण हात काही उठला नाही. आता तर कोट काढणं-घालणं दोघांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की बोलणं न तोडता ते होऊन जाई. त्या दिवशी मात्र तोडायला बोलणंच नव्हतं.

तिनं पहिला घास घेतला आणि काचेवरची वाफ हातानं पुसली. बाहेर एक म्हातारा त्यांच्या मोटारीपाशी उभा होता. लोकरीची टोपी, पाठीला बाक. त्यानं शांतपणे डावा आरसा धरला आणि मिटला.

मार्लिस घास तोंडात तसाच ठेवून बाहेर धावली. "अहो, काय चाललंय काय तुमचं?"

"मिटतोय," म्हातारा म्हणाला. "तुम्ही उघडताय, आम्ही मिटतोय. माझे गुडघे बघा जरा, आणि आता उघडू नका."

"सकाळपासून तुम्हीच हे धंदे करताय?"

"हा एक मी केला. आधीचे दुसऱ्या कुणी केले असतील. गावात कुणीही करेल." त्यानं हनुवटीनं रस्त्याकडे खूण केली. मार्लिसनं पाहिलं. कडेला ओळीनं गाड्या उभ्या होत्या, जुन्या, नव्या, मालवाहू. प्रत्येक गाडीचा डावा आरसा मिटलेला होता. सकाळपासून ती या गाड्यांच्या बाजूनं चालत होती आणि तिला ते दिसलं नव्हतं.

"धुकं असलं की आम्ही मिटतो," तो म्हणाला. त्याचं नाव रेनो होतं, आणि गावातल्या निम्म्या लोकांसारखे त्याचेही आजोबा फिनलंडहून खाणीत राबायला आले होते. "कुठे उतरलात, पोरी?"

सदुसष्टाव्या वर्षी कुणी पोरी म्हटलेलं मार्लिसला एरवी आवडलं असतं. "कड्यावरच्या तळावर. शेवटची जागा."

रेनोनं कड्याच्या दिशेनं पाहिलं. "म्हणजे गाडी मागे घेतली असेल. तिथे."

"हो."

"आणि डाव्या आरशात बघितलं असेल."

"माझा नवरा मागे उभा होता," ती म्हणाली. आपला आवाज खाली आला आहे, हे तिच्याच लक्षात आलं.

"माझ्या भावालाही वाटलं मुकादम उभा आहे." रेनो मिटलेल्या आरशावर हात ठेवून बोलत होता. "तेव्हा तळ नव्हता. लाकडाची वखार होती, कड्याखाली बोटी लागायच्या. विको ट्रक मागे घेत होता. मी शेजारी बसलेलो, सोळा-सतराचा असेन. धुकं हे असंच. तो म्हणाला, मागे माणूस बोलावतोय. मी माझ्या बाजूच्या आरशात बघितलं... कुणी नव्हतं. म्हटलं, विको, थांब. तो म्हणाला, तुला काय कळतंय. मी उडी मारली."

मार्लिसची नजर मिटलेल्या आरशावर गेली.

"चांगला ड्रायव्हर होता," रेनो म्हणाला. "पण शेजारच्या माणसाचं ऐकलं नाही त्यानं. आरशातल्याचं ऐकलं."

"कोण आहे तो?"

"कोण जाणे. बोलावतो एवढं खरं. असा." आणि म्हाताऱ्यानं दोन्ही हात डोक्याच्या वर उंच नेले, आणि तळवे आपल्याकडे वळवून, घाई न करता, बोलावलं. ये... ये...

 मार्लिसनं वळून काचेतून आत पाहिलं. ड्वेन तिच्यामागे बाहेर यायला निघाला होता आणि एकट्यानं कोट घालायच्या खटपटीत अडकला होता. उजवी बाही अंगात होती, डावी पाठीमागे लोंबत होती, आणि तो हात वर नेऊ बघत होता. हात खांद्यापाशी अडून परत खाली येत होता.

दोन्ही हात. काल आरशातल्या माणसाचे दोन्ही हात डोक्याच्या वर होते. हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं आणि रोज सकाळी ज्या हातात बाही घालते, तो हात तिला आठवला नव्हता. चोवीस तास तिनं त्याला वेड्यात काढलं होतं, मुलाजवळ त्याची कागाळी केली होती, आणि तो बिचारा पहिल्यापासून खरं तेच सांगत होता.

"आरसा मिटला, की मग... तो काय करतो?" तिनं रेनोला विचारलं.

"ते कुणी बघितलेलं नाही," रेनो म्हणाला. "आरसा मिटलेला असतो ना."

मोटारीत बसल्यावर मार्लिसनं किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. "तू उजवीकडे होतास," ती म्हणाली. "फांदीपाशी."

"तेच सांगतोय मी काल दुपारपासून."

"सांगत होतास. मी ऐकलं नाही. माझं चुकलं, ड्वेन."

ड्वेननं उजव्या हातानं समोरच्या काचेवरची वाफ पुसली. "कर्टला गिऱ्हाईक मिळालं का?"

तिनं चमकून पाहिलं.

"घरगाडीच्या भिंती पातळ असतात, बाईसाहेब. न्हाणीघरात सगळं ऐकू येतं."

मग मात्र तिला रडू आवरलं नाही. त्यानं उजव्या हातानं तिचा हात धरून ठेवला. गाडी विकायची नाही, असं ती दोनदा म्हणाली. निदान दक्षिणेतला हिवाळा तरी बघू, मग ठरवू, असं त्यानं सुचवलं, आणि तो कितीतरी महिन्यांनी पहिल्यासारखा हसला. मुरंबा नाही, चकती नाही, दीपगृह नाही. तरी तळाकडे परतताना मार्लिसला वाटलं, की दिवस काही अगदीच वाया गेला नाही.

तिथे आता क्षणभरही राहायचं नव्हतं. छोटी मोटार तिनं तळाच्या फाटकापाशीच ठेवली आणि दोघं चालत शेवटच्या जागेपर्यंत गेले. पाण्याची नळी गुंडाळली, विजेची तार काढली, बाहेर मांडलेल्या दोन घडीच्या खुर्च्या आत टाकल्या. गाडी सरळ पुढेच काढायची होती. मागे घ्यायचा प्रश्न नव्हता. तरीही मार्लिसनं आधी जाऊन डावा आरसा मिटला आणि मगच ती चाकामागे बसली.

"ठोकळे काढून येतो," ड्वेन खालून म्हणाला.

चाकांखालचे लाकडी ठोकळे काढायचे, गाडीभोवती एक फेरी मारायची, काही लोंबत नाही ना, उघडं नाही ना बघायचं, आणि मागच्या पत्र्यावर थाप मारायची. ही फेरी मारल्याशिवाय कुठलाही घरगाडीवाला जागेवरून हलत नाही. घराला कुलूप लावल्यावर आपण ते ओढून बघतो, तितक्याच सवयीनं हे होतं. मार्लिसच्या तोंडून नेहमीचंच निघालं. "नीट बघ रे. पत्ते पिसत बसू नकोस."

तो उजव्या बाजूनं मागे गेला. उजव्या आरशात त्याची पाठ दिसली, मग पाइनची फांदी, मग नुसतं पांढरं. पाणी खाली कड्याला लागत होतं. डावीकडे काचेला मिटलेल्या आरशाची काळी पाठ होती. तिच्यापलीकडे काय आहे ते दिसायला मार्ग नव्हता.

थाप ऐकू येईना. ती वाट बघत राहिली. या माणसाचं नेहमीचंच, तिनं स्वतःशी म्हटलं, दोन ठोकळे काढायला याला मुहूर्त लागतो. तिनं काच खाली केली. धुकं आत आलं आणि त्याच्याबरोबर भिजून कुजलेल्या लाकडाचा वास.

"ड्वेन?"

काही नाही.

"ड्वेन... आलास का?"

आणि मग मागच्या पत्र्यावर थाप पडली. डाव्या बाजूला. पावलं आली, गाडीला वळसा घालून पलीकडच्या दारापाशी थांबली. दार उघडलं. ड्वेन वर चढला आणि तिच्या शेजारी बसला. त्याचा कोट ओलाचिंब झाला होता.

"चल," तो म्हणाला.

फाटकापाशी तिनं छोटी मोटार मागे जोडली, जागेचा बिल्ला डब्यात टाकला, आणि गाडी महामार्गाला लावली. गाव मागे पडलं तशी तीच बोलत राहिली. कर्टला काय सांगायचं, दक्षिणेत कुठे जायचं, ती चकती कुठे मिळेल. ड्वेन हूं हूं करत होता. थकलाय, तिला वाटलं. धुकं विरलं, ऊन पडलं, तेव्हा कडेला थांबून तिनं आरसा उघडला. आत रिकामा रस्ता होता आणि दोन्ही बाजूंना पिवळी पडू लागलेली झाडं. तिनं मोठा श्वास सोडला.

पुढे प्रवाशांसाठी केलेला एक थांबा लागला. बाकडी, नळ, उन्हात खेळणारी कुणाची तरी मुलं. मार्लिसनं गाडी लावली, मागे जाऊन ओट्यावर कॉफीचं पाणी ठेवलं, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. व्होंडा होती. आवाज तुटत होता.

"मार्लिस... तुमचं काहीतरी राहिलंय इथे."

"खुर्च्या का?" मार्लिस म्हणाली आणि तिची नजर कोपऱ्यात गेली. दोन्ही खुर्च्या तिथेच होत्या.

"खुर्च्या नाहीत हो... मी गाडीतच बसून आहे, पुढे जायचं धाडस होत नाही... तुमच्या जागेवर, अगदी कडेला, कुणीतरी उभं आहे. हाक मारली तर बोलणं नीट कळत नाहीये. नुसता हात हलवतोय. एकच हात... दुसरा आपला खाली..."

फोन तुटला. पाणी उकळायला लागलं होतं. मार्लिसनं गॅस बंद केला आणि मग सावकाश, कारण आता घाई करून उपयोग नव्हता, ती वळली.

ड्वेन उठून उभा राहिला होता. त्यानं कोट स्वतःच काढला होता, उजवी बाही, डावी बाही, आणि आता तो कोट छताजवळच्या खुंटीला अडकवत होता. डाव्या हातानं. वर्षभर तिनं देवाकडे जे मागितलं होतं, ते तिच्या डोळ्यांसमोर घडत होतं. कोटातून पाणी निथळून जमिनीवर पडत होतं.

"कोण होतं?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही," मार्लिस म्हणाली.

तो हसला. बाहेर मुलं खेळत होती, त्यांचा आवाज स्पष्ट येत होता. दार त्याच्या मागे होतं. त्यानं दोन्ही हात डोक्याच्या वर नेले, अगदी छताला टेकेपर्यंत, तळवे आपल्याकडे वळवले आणि घाई न करता तिला बोलावलं.

"ये," तो म्हणाला. "ये... अजून थोडं..."